शेरा : वास नाही

आमच्या पोस्टात एकदा एक पार्सल आलं आणि अर्ध्या तासात निम्मा स्टाफ बाहेर चिंचेखाली जाऊन उभा राहिला. खोटं नाही सांगत. मे महिना, मेहकरचं ऊन, वर पंखा नुसता गरम हवा ढवळतोय, आणि त्या खोक्यातून असा काही वास सुटला होता की आमचे पोस्टमास्तर, जे बारा महिने तेरा काळ सर्दीनं चोंदलेले, तेसुद्धा रुमाल नाकाला लावून आले आणि म्हणाले, "वैशालीबाई, यात काहीतरी मेलेलं आहे. बोलवा त्या माणसाला."

पत्त्यावर नाव होतं सुखदेवभाऊंचं. खाली कंसात 'निवृत्त प्रयोगशाळा परिचर'. मी फोन केला. दहा मिनिटांत गृहस्थ सायकलवर हजर. खाकी हाफशर्ट, खिशात पेनाच्या जागी दात घासायचा ब्रश. खोकं त्यांनी टेबलावर ठेवलं, फटीला नाक न लावता तळहात खोक्यावरून दोन-तीनदा स्वतःकडे फिरवला, डोळे मिटले.

"उंदीर," ते म्हणाले. "पन मेला नाही. राहून गेला. आन् त्याच्या खाली बुरशी हाये. आन् सगळ्याईच्या वरतून कोनीतरी अगरबत्ती लावली. झाकाले पाह्यलं."

खोकं उघडलं तर आत एक बाहुली. हातभर लांबीची, विलायती, आडवी केली की डोळे मिटणारी. एक डोळा अर्धाच मिटत होता, केसांची जट झालेली. पोस्टमास्तर म्हणाले, "अहो, ही तर बाहुली आहे." सुखदेवभाऊ म्हणाले, "हाव. पाहुनी हाये. तीन आठवड्यांनी जाईन वापस." आणि सही करून खोकं कॅरियरला बांधून निघून गेले. आम्ही पुढचा सगळा दिवस दुसऱ्या कशाचं बोललो नाही.

तेव्हा मी मेहकरला नवी होते. पुढं आठ वर्षं त्यांची पार्सलं घेतली आणि दिली. पार्सलं यायची नागपूरहून, पुण्याहून, एकदा तर पार बंगळूरहून. जुन्या बाहुल्या जमवणारी माणसं असतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. कुठल्या तरी जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघतं, भंगारात बाहुली सापडते, ही मंडळी ती घेतात, आणि घरी आणल्यावर कळतं की तिला बिडीचा, रॉकेलचा, उंदराचा, बुरशीचा वास आहे. काचेच्या कपाटात ठेवली तर दार उघडताच सगळी खोली नासते. मग कोणीतरी सांगतं, बुलढाणा जिल्ह्यात मेहकरला एक भाऊ आहेत, त्यांच्याकडे पाठवा.

सुखदेवभाऊ कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं परिचर होते. बाटल्या धुणं, द्रावणं मोजून ठेवणं आणि दरवर्षी नव्या पोरांना एकच गोष्ट सांगणं: "बाटलीत नाक घालाचं नाही बे. हातानं वास आपल्याकडं बोलवाचा." निवृत्त झाले त्या वर्षी नातीसाठी धाड गावच्या बाजारातून एक जुनी बाहुली आणली. परदेशातल्या वापरलेल्या खेळण्यांचा ढीग घेऊन कोणी बसला होता. घरी आणली तर रॉकेलचा भपकारा. नात म्हणाली, नको मला. बस. तेवढंच निमित्त. रॉकेलनं आपल्याला हरवावं ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही. बाहुली साफ झाली तोवर नातीचं बाहुल्यांचं वय निघून गेलं होतं, पण कॉलेजातल्या एका मॅडमनी ती पाहिली, त्यांची बहीण नागपूरला बाहुल्या जमवणारी, आणि तिथून चक्र सुरू झालं.

कोणाला वाटेल म्हातारपणी माणूस बाहुल्यांत रमला. छे. त्यांना बाहुल्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. मी एकदा एकीला 'छबुकडी' म्हणाले तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी सरकारी फायलीला टोपणनाव ठेवलंय. "दुसऱ्याच्या लेकीचं नाव आपुन ठेवत नसतो बाई," ते म्हणाले. "आन् मले बाहुल्याईचं प्रेम नाही. मले वासाचा राग हाये."

राग होताच. आणि त्या रागाला शिस्त होती. त्यांच्या ओसरीवर पत्र्याचे सहा मोठे डबे, गोडेतेलाचे असतात तसले, वरून कापून झाकण बसवलेले. तळाला लाकडी कोळसा, त्यावर जाळी, जाळीवर पाहुणी, बाजूला वाटीत खायचा सोडा. झाकण लावायचं आणि आठ दिवस उघडायचं नाही. रबरी अंगाच्या बाहुलीला रिठ्याचं कोमट पाणी, तेही फडकं पिळून, कारण डोळ्यांच्या खोबणीत पाणी गेलं तर आतली तार गंजते. कागदाच्या लगद्याचं डोकं असलेल्या बाहुलीला पाण्याचा थेंब नाही, ती फुगते. बिडीच्या वासाला पाणी घातलेलं व्हिनेगर. कापडी असेल तर मागची शिवण उसवून आतलं सगळं काढायचं आणि नवा कापूस भरायचा. कापसाला काय तोटा, वऱ्हाडच आहे. वाळवायचं फक्त सावलीत. उन्हात ठेवली की रंग उडतो. आणि सगळ्यात मोठा नियम: वासावर वास चढवायचा नाही. अत्तर नाही, पावडर नाही, अगरबत्ती नाही. "घान झाकली मनजे साफ केली असं नसते," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की घरी फरशी पुसणाऱ्या बाईला मीच ते ऐकवू लागले.

बाहुली परत जाताना तिच्या मनगटाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असायची, लॅबमधल्या बाटलीवर असते तशी. मूळ वास. उपाय. दिवस. आणि शेवटी शेरा : वास नाही. खाली सही. ती सही करताना ते दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवून बसत. नागपूरच्या बाई मला फोनवर म्हणाल्या होत्या, "त्यांची चिठ्ठी असली की आम्ही एकमेकींकडून बाहुली हुंगून बघत नाही." चिठ्ठी म्हणजे विषय संपला.

एकदा रोहिणखेडचे एक चाचा आले, अत्तर विकणारे. बाजार बाजार फिरायचे. त्यांच्या मुलीची बाहुली पेटीत होती आणि तिच्यावर खसची अख्खी शिशी सांडली होती. मुलगी आता तिच्या मुलीला ती बाहुली देणार होती. मी तिथं सहज गेलेले, पार्सलावरच्या एका पत्त्याचं विचारायला. मला तर वाटलं, इतका सुंदर वास, राहू द्यावा. चाचापण तेच म्हणाले, "खुशबू तो अच्छी है भाऊ, मगर बेटी कहती है, इसमें मेरी गुडिया नहीं रही."

सुखदेवभाऊ म्हणाले, "बराबर हाये तिचं. चांगला असला तरी वासच."

ते काम चाळीस दिवस चाललं. खस म्हणे बुरशीपेक्षा चिवट. शेवटी चाचा आले, बाहुली घेतली, आणि त्यांनी ती हुंगली तशी मी कोणालाच काही हुंगताना पाहिलं नाही. आधी मान, मग तळपाय, मग केसांच्या मुळाशी. आयुष्य वास ओळखण्यात गेलेला माणूस. मग म्हणाले, "कुछ नहीं आता." आणि पुन्हा एकदा हुंगून, "कुछ भी नहीं, भाऊ. कमाल है." त्या आठवड्यात सुखदेवभाऊंनी हे मला दोनदा सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि माझ्यासमोर आमच्या पोस्टमनलाही सांगितलं.

आता गोदाकाकूंचं सांगायला हवं. गोदाकाकू म्हणजे त्यांची बायको. बारीक, काटक, तोंडानं फटकळ. "रिटायर झालेले मानसं मंदिरात जातेत, हे बाहुल्या धुऊन राह्यले," हा त्यांचा रोजचा पाठ. ओसरी अडली, पाहुण्यांना बसायला जागा नाही, पोरं खिडकीतून डोकावतात. पण एका थंडीत सुखदेवभाऊ लेकीकडे दोन दिवस गेले होते. डब्यातून काढलेल्या चार बाहुल्या, अंग पुसून, दोरीवर सावलीत. काकूंनी त्या उघड्यानागड्या, ओल्या केसांच्या चौघी पाहिल्या आणि त्यांचं काय झालं देव जाणे. त्यांनी शेगडीत निखारे घेतले, वर ओवा, वावडिंग, लसणाची टरफलं टाकली, आणि न्हाऊ घातलेल्या तान्ह्या लेकराला देतात तशी एकेकीला धुरी दिली. पुढून, पाठीमागून, केस मोकळे करून. वर टोपडं म्हणून रुमालही बांधले.

भाऊ परतले तेव्हा चौघींना बाळंतिणीच्या खोलीचा वास येत होता. दीड महिन्याचं काम गेलं.

"काऊन केलं हे?" त्यांनी विचारलं म्हणे.

"न्हाऊ घातल्यावर धुरी देतेत," काकू म्हणाल्या. "वल्ल्या केसानं टांगून ठेवल्या तुमी. सर्दी झाली असती."

"बाहुलीले?"

"मले नाही मालूम. मले पाह्यवलं नाही."

आम्ही ऐकून पोट धरधरून हसलो, पण भाऊ हसले नाहीत आणि ओरडलेही नाहीत. पुन्हा कोळसा, पुन्हा सोडा. चिठ्ठीत लिहिलं, 'मूळ वास : बुरशी. नंतरचा वास : धुरी (घरच्यांकडून).' मी म्हटलं, हे लिहायची काय गरज होती, निघाला ना वास. ते म्हणाले, "जे झालं थे लिवाचं. चिठ्ठी हाये ती." काकूंना मात्र त्यात 'घरच्यांकडून' लिहिल्याचा राग आला, तो बराच काळ टिकला.

दोन वर्षांपूर्वी भाऊंना ताप आला. साथ होती, सगळ्यांनाच आला होता. आठ दिवसांनी उठले, सायकलवर दिसायला लागले, पार्सलं सुरू झाली. दीड महिना गेला असेल. एका सोमवारी ते खिडकीवर आले, खोकं काट्यावर ठेवलं, आणि मला वास आला. डांबराच्या गोळ्यांचा. कपाटात जुन्या साड्यांना येतो, तोच.

मला वाटलं खोक्याचा असेल. "भाऊ, खोकं जुनं वापरलं का?"

"नवं हाये. काऊन?"

माझी बोटं मशीनवर तशीच राहिली. मागं रांग होती. मला पावती काढता येईना. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या खोक्याला परत जाताना कधी म्हणजे कधी वास आला नव्हता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग दोरी सोडली, बाहुली काढली, तळहात तिच्यावरून स्वतःकडे फिरवला. एकदा. दोनदा. मग त्यांनी जे पोरांना तेहतीस वर्षं करू दिलं नाही ते केलं, नाक थेट तिच्या मानेत खुपसलं.

"काय येते?" त्यांनी मला विचारलं.

"डांबराच्या गोळ्या."

"लय?"

मी मान हलवली. खूप येत होता.

त्यांनी मनगटाची चिठ्ठी सोडली, वाचली, तिचे चार तुकडे केले आणि खिशात घातले. रांगेतल्या माणसाला पुढं येऊ दिलं, बाकावर जाऊन बसले. रांग संपल्यावर मी पाणी घेऊन गेले. तेव्हा म्हणाले, "तापापासून जेवन फिकं लागे. मले वाटे तोंडाची चव गेली. हिले बोलत व्हतो, मीठ कमी टाकतं मनून. नाक गेलं हे ध्यानातच नाही आलं, बाई. मी हात फिरवो, काही येत नसे, आन् मी लिवो, वास नाही."

तापानंतर चार बाहुल्या गेल्या होत्या. चार चिठ्ठ्या. त्यांनी माझ्याकडून चार आंतर्देशीय पत्रं घेतली आणि तिथंच बाकावर लिहायला बसले. मी म्हटलं, आणि हे लिहिताना आजही मला लाज वाटते, "भाऊ, कोणाची तक्रार आली का? नाही ना? मग गप्प राहा ना. कशाला आपणहून आपलं नाव घालवता?"

"तक्रार नाही आली मनून चिठ्ठी खरी होत नाही," ते म्हणाले, आणि लिहीत राहिले.

पत्र मी वाचलं, त्यांनीच वाचायला दिलं, शुद्धलेखन पाहायला. 'तापानंतर माझे नाक गेले आहे. मी वास नाही असे लिहून दिले ते नाकाशिवाय लिहिले. ती चिठ्ठी रद्द समजावी. बाहुली माझ्या खर्चाने परत पाठवावी. नवीन बाहुली पाठवू नये.' मी शुद्धलेखन काय पाहणार. माझ्याच डोळ्यांना अक्षरं नीट दिसत नव्हती. पण एक सांगते, त्या दिवशी त्या चार पत्रांवर शिक्के मारताना मला माझ्या नोकरीचा जितका अभिमान वाटला तितका बढतीच्या दिवशीही वाटला नाही. असा माणूस माझ्या खिडकीवर येतो, हे माझं भाग्य.

'नवीन बाहुली पाठवू नये' हे वाक्य त्यांनी कसं लिहिलं असेल ते मला पुढं कळलं. पाच-सहा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. डबे ओसरीवर रिकामे. काकू पोस्टात आल्या, कधी यायच्या नाहीत, आणि म्हणाल्या, "बाई, ते भिंतीकडं पाहून राह्यले नुसते. त्याईची पार्सलं येऊ द्या लवकर."

तीन बाहुल्या परत आल्या. चौथीच्या मालकीणबाईंनी लिहिलं, आम्हाला काही वास येत नाही, राहू द्या. भाऊंनी पुन्हा पत्र टाकलं, आणि ती आली. आता चौघी ओसरीवर, पोस्टातून परत नेलेली डांबरवाली पुन्हा डब्यात, पण हुंगायचं कोणी? मी म्हटलं मी हुंगते. त्यांनी मान हलवली. "तुमचं नाक भिडस्त हाये, बाई. माह्यं तोंड पाहून पास करान."

स्वयंपाकघरातून आवाज आला. "आना इकडं."

गोदाकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, खाली बसल्या, पहिली बाहुली उचलली. "काही नाही." दुसरी. "काही नाही." तिसरी नाकाजवळ नेताच दूर केली. "डांबर." चौथीला बराच वेळ लागला. उलटी केली, केस बाजूला केले. "बिडी. अंगाले नाही. मानीच्या मांगं, केसाच्या बुडात."

भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुले हे कदीपासून येते?"

"पह्यल्यापासून. कोठीतल्या जवारीले कीड लागली तवा कोनं सांगलं व्हतं? दूध नासाच्या आंधी कोन सांगते? तुमी कदी इचारलं?"

खरंच विचारलं नव्हतं. एका छपराखाली बेचाळीस वर्षं. भाऊ उठले आणि दोन डब्यांत नवा कोळसा भरला.

त्यानंतर बाहुल्या पुन्हा यायला लागल्या. त्या बाहुल्या जमवणाऱ्या बायकांनी ऐकलंच नाही. नागपूरच्या बाई म्हणाल्या, चूक न सापडलेला माणूस मिळेलही, पण आपली चूक आपण पत्रानं कळवणारा कुठं मिळतो. चिठ्ठीवर आता दोन सह्या. वर 'साफ करणार', खाली 'तपासणार'. काकू आठवी शिकलेल्या, सही करायला वेळ घ्यायच्या, आणि 'गोदावरी' पूर्ण लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवायच्या नाहीत. खोकं घेऊन आता दोघं यायची. धुरीच्या चिठ्ठीचा राग तेव्हा गेला की नाही, मी विचारलं नाही.

मागच्या वर्षी माझी अकोल्याला बदली झाली. निघायच्या दिवशी, एसटीला तासभर होता, मी त्यांच्याकडे डोकावले. भाऊ ओसरीवर मांडी घालून, पुढं एक मोठी कापडी बाहुली. काकू समोर.

"या बाई, बसा," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "आमची एक्स्टर्नल तपासून राह्यली." कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक यायचे, त्यांच्यासमोर हे असेच उभे राहत असणार.

काकूंनी बाहुली हुंगली, खाली ठेवली. "अजून हाये."

"काय हाये?"

काकूंना लॅबमधले शब्द माहीत नाहीत. त्या विचार करून म्हणाल्या, "आपन लग्नाच्या गावाहून वापस आलो, आन् कुलूप उघडलं, तसा. पन थोडासाच. आन् मंधात कुठंतरी कच्च्या शेंगदान्यासारखा."

भाऊ डोळे मिटून ऐकत होते. तिच्या बोलण्यातून तो वास त्यांच्यापर्यंत येत असावा तसे. मग म्हणाले, "शेंगदाना नाही. सरकीचं तेल हाये थे. कापसात एखादी सरकी ठेचली गेली. पुरा कापूस पुन्हा काढा लागन."

"काढा मंग."

मी म्हटलं, "काकू, मला तर काही वास येत नाही हो. जाऊ द्या की."

"तिसऱ्यांदा नापास केली," भाऊ मला म्हणाले. पोरगी मेरिटमध्ये आल्यावर बापाचा चेहरा होतो तसा चेहरा. आवाज खाली आणला नाही, काकूंना ऐकू जाईल असाच ठेवला. "आन् खरं सांगू का, बाई? माह्यं नाक धड व्हतं, तवा मी हे पह्यल्याच खेपीले पास करून टाकली असती."

 काकूंनी बाहुली पालथी केली, पदराची सुई काढली आणि पाठीची शिवण उसवायला घेतली.